विल्डा क्राउसचा नवा स्कॅनर

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास विल्डा क्राउसच्या ओट्यावरचा स्कॅनर बोलायचा थांबला. आधी तिला वाटलं, वीज गेली. पण फ्रीज तर गुरगुरत होता. तिनं स्कॅनरच्या डोक्यावर एक चापट मारली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं, वायर काढून परत खुपसली. नुसती खरखर.

स्कॅनर म्हणजे नुसता ऐकणारा रेडिओ. त्यातून बोलता येत नाही. बंबवाले, रुग्णवाहिकावाले, रस्ते साफ करणारे आपापसात जे बोलतात, ते तो एका चॅनेलवरून दुसऱ्यावर उड्या मारत पकडतो. टॉलिव्हर काउंटीत निम्म्याअधिक स्वयंपाकघरांत असा एक डबा असायचाच. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरांत बंबावरची माणसं सगळी बिनपगारी. कुणाचा नवरा, कुणाची मुलगी, कुणाचा जावई. हाक आली की हातातलं काम टाकून पळायचे, आणि मागे राहिलेलं माणूस ‘पोचलो’, ‘आटोक्यात’, ‘परत निघालो’ एवढं ऐकू येईपर्यंत डब्याजवळून हलायचं नाही.

विल्डाचं नातं त्याहून जवळचं होतं. सव्वीस वर्षं ती या बोलण्याच्या दुसऱ्या टोकाला होती. कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात काउंटीची कंट्रोल रूम होती. तिथं बसून ती संकटातल्या लोकांचे फोन घ्यायची आणि बंब धाडायची. तिचा आवाज काउंटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पुढे काचबिंदूनं नजर नेली. पडद्यावरची अक्षरं मोठी करकरून दोन वर्षं तिनं काढली. मग एका स्क्रीनवर एकच अक्षर मावायला लागलं, तेव्हा तिनं खुर्ची सोडली. निरोपाच्या केकवर काय लिहिलंय, हे तिला शेजारणीला विचारावं लागलं. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

तिनं समोरच्या घरी फोन लावला. तिथं डेन्झिल पर्सिंगर राहायचा. दोघं शाळेत एका वर्गात होते. त्यानं जन्मभर कोळशाच्या खाणीत वीजतंत्र्याचं काम केलं होतं, आणि आता निवृत्तीत त्याला रेडिओचा नाद होता.

“डेन्झिल, माझा डबा मेला.”

“डबा धडधाकट आहे गं. काउंटीच त्याला सोडून गेली. आज दहा वाजल्यापासून सगळे डिजिटलवर गेले. पेपरात आलं होतं की.”

“पेपर मी कधीपासून वाचायला लागले?”

डेन्झिल म्हणाला, “मी सांगायला हवं होतं.”

“हवं होतं. आता हे सांग, नवा कुठला घ्यायचा?”

“घेऊन काय करणार? नव्यात सगळा कारभार पडद्यावर असतो. बटणं थोडी, मेनू ढीगभर. तुला ते…”

“मला ते काय?”

“काही नाही. बघून सांगतो,” म्हणत त्यानं घाईनं फोन ठेवला.

शनिवारी विल्डाची धाकटी बहीण नॅडीन तिला गाडीत घालून दोन तासांवरच्या मोठ्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि नॅडीनला विचारलं, “यांना घरात ठेवायचाय की बाहेर न्यायचाय?”

“तिलाच विचारा ना,” नॅडीन म्हणाली. “ती बहिरी नाहीये.”

विल्डानं हात पुढे केला. दुकानदारानं त्यावर हातात धरायचा डिजिटल स्कॅनर ठेवला. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा जाड, वर बोटभर अँटेना, शेजारी गोल फिरणारी कळ, पुढे बटणांच्या रांगा. विल्डानं तो चारी बाजूंनी चाचपला. कळ फिरवली, तेव्हा प्रत्येक घराला बोटाखाली बारीकसा खटका लागला. तिचा चेहरा बदलला.

“ही प्रत्येक वेळी अशीच खटकते?”

“हो. पण बाई, खरं सांगतो, चांगली नजर असलेली माणसंही हा परत आणून देतात.”

“किती दिवसांत?”

“आठवड्याभरात.”

“मग मला दोन आठवडे द्या,” विल्डा म्हणाली. “आणि एक जास्तीची बॅटरी.”

घरी आल्यावर डेन्झिल माहितीपुस्तक घेऊन बसला. आधी बॅटरी पुरती भरू दे, मगच चालू कर, असं त्यानं बजावलं. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायची नाही, फुगते. पोस्टाचा पिनकोड टाकला की भोवतालचे चॅनेल आपोआप येतात. त्यांतून काय ऐकायचं ते निवडायचं. डेन्झिलनं उत्साहानं सगळंच निवडलं. संध्याकाळपर्यंत विल्डानं तीन काउंट्यांचे कचऱ्याचे ट्रक, दोन शाळांच्या बस आणि कुठल्याशा गोल्फच्या मैदानावरचे माळी ऐकले.

“बंब कुठाय यात?” ती वैतागली. “मला गवत कापण्याची वेळ नकोय!”

“पोलिसांचं बोलणं कुलूपबंद केलंय त्यांनी. ते कुणालाच ऐकू यायचं नाही.”

“पोलिसांचं मला काय करायचंय? बंब आणि रुग्णवाहिका ठेव. आपल्या काउंटीतल्या. बाकी सगळं काढ.”

त्यानं तसं केलं आणि घरी गेला. सोमवारी विल्डा एकटीच बटणं शिकायला बसली. एकेक दाबायची आणि काय होतं ते ऐकायची. खालच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की चालू बोलणं तुटायचं आणि दुसरं लागायचं. तिला वाटलं, हे पुढे जायचं बटण. ती खुशीनं दाबत राहिली. पण ते वगळायचं बटण होतं: एकदा दाबलं तर स्कॅनर बंद करेपर्यंत तो चॅनेल वगळला जायचा, दोनदा लागोपाठ दाबलं तर कायमचा. तासाभरात तिनं काउंटीतले झाडून सगळे बंब आणि रुग्णवाहिका कायमच्या वगळून टाकल्या. मग तीन दिवस तो यंत्राचा ठोकळा मुक्यासारखा पडून राहिला, आणि काउंटीत एकही अपघात नाही म्हणून ती नवल करत राहिली.

गुरुवारी डेन्झिलनं पडद्यावर पाहिलं आणि तो हसत सुटला. “अगं बाई, तू सगळ्यांना वाळीत टाकलंयस!”

विल्डा हसली नाही. “हसून झालं की खाली बस. मला हा मेनू वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.”

“सगळा? अगं, एकेकाच्या पोटात दुसरा आहे.”

“तोही वाच.”

तीन दुपारी त्यांनी त्यात घालवल्या. डेन्झिल वाचायचा, विल्डा कळीचे खटके मोजायची. मेनूचं बटण दाबलं की सुरुवात दर वेळी पहिल्याच ओळीपासून व्हायची, हे तिनं पक्कं केलं. म्हणजे मोजता येत होतं. पण इतकं डोक्यात राहीना. तेव्हा तिनं आईचा बटणांचा डबा काढला, जुन्या चादरीचं एक फडकं घेतलं आणि त्यावर बटणं शिवायला घेतली. एक रांग म्हणजे एक मेनू, एक बटण म्हणजे एक ओळ. ज्या ओळीच्या आत आणखी मेनू असेल तिथं कोटाचं जाड बटण. ज्याला चुकूनही हात लावायचा नाही, तिथं बटणाऐवजी हुक. डाव्या हाताचं बोट फडक्यावर आणि उजवा हात कळीवर, अशी ती सरकत जायची. वगळायच्या बटणावर तिनं नखांना लावायच्या रंगाचा एक जाड थेंब वाळवून बसवला, एकाच चॅनेलवर धरून ठेवायच्या बटणावर दोन.

“लाल रंग लावू की गुलाबी?” डेन्झिलनं बाटल्या हातात घेऊन विचारलं.

“डेन्झिल, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“अरे हो,” तो म्हणाला, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दोन आठवडे संपले तेव्हा स्कॅनर परत गेला नाही. पण एक दुखणं उरलं होतं. बोलणं अधूनमधून तुटायचं, आणि माणूस गुळण्या करत बोलतोय असं ऐकू यायचं. विल्डानं मोठी अँटेना मागवली, तर आणखीच बिघडलं. डेन्झिलनं दोन दिवस पुस्तकं चाळली आणि म्हणाला, “दोन डोंगरांवर दोन टॉवर आहेत. दोन्ही एकाच वेळी तेच बोलतात, पण तुझ्यापर्यंत एकाचं जरा उशिरा पोचतं. त्यात हा गोंधळतो. आवाज कमी पडत नाहीये, जास्त होतोय.”

“म्हणजे एका टॉवरकडे पाठ करायला हवी.”

“तसंच काहीसं.”

मग विल्डा स्कॅनर छातीशी धरून घरभर फिरली. पावलापावलाला थांबायची, ऐकायची, स्वतःभोवती फिरायची. बैठकीत गुळण्या. जिन्यात गुळण्या. न्हाणीघरात एक शब्द स्वच्छ, दुसरा चेंदामेंदा. कपडे धुवायच्या खोलीत, वाळवणीचं यंत्र आणि भिंत यांच्या सांदीत ती शिरली, आणि एकाएकी एक बाई तिच्या कानाशी असल्यासारखी म्हणाली, “रुग्णवाहिका दोन, रुग्णालयातून मोकळी.” यंत्राचा पत्रा एका टॉवरला आडवा आला होता. विल्डानं तिथंच एक स्टूल ठेवलं. छोटी अँटेना परत लावली.

“मुख्यालय हलवलं वाटतं,” दुसऱ्या दिवशी डेन्झिल दारातून म्हणाला. “मोज्यांच्या ढिगात.”

“मोजे बोलत नाहीत. तूही बोलू नकोस, ऐकू दे.”

स्कॅनरची बडदास्त ती लेकराची ठेवावी तशी ठेवायची. अँटेनाला धरून तो कधी उचलायचा नाही, मुळाशी मोडते. उन्हात गाडीत टाकायचा नाही. दर रविवारी बॅटरी काढून तिची पितळी टोकं पेन्सिलच्या खोडरबरानं घासायची. चालू असताना आतलं मेमरी कार्ड काढायचं नाही. एक बॅटरी आत, दुसरी भरलेली, स्वयंपाकाच्या ॲप्रनच्या उजव्या खिशात. नॅडीननं एकदा तो ॲप्रन धुवायला टाकला, तेव्हा बहिणींत दोन दिवस अबोला होता.

एप्रिलमध्ये एक प्रसंग घडला. कुणाला तरी छातीत कळा येत होत्या आणि कंट्रोलनं रुग्णवाहिका शुगर कॅम्प रस्त्याला धाडली. विल्डा स्टुलावरून ताडकन उठली. त्या काउंटीत शुगर कॅम्प नावाचे रस्ते दोन होते, आणि ज्या आडनावाचं घर सांगितलं होतं ते दुसऱ्यावर होतं. तिनं कंट्रोलला फोन लावला. तो वरिष्ठाकडे गेला. गारलँड टाइस त्याचं नाव. विल्डाच्या जागी आलेल्यांत तो सगळ्यांत मुरलेला होता.

“आमच्या लक्षात आलंय, गाडी वळवलीये,” तो म्हणाला. “विल्डाबाई, तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे. पण ही लाइन नागरिकांसाठी मोकळी ठेवायची असते.”

“मग मी कोण आहे?”

“नागरिकच. म्हणूनच म्हणतो, घरी आग लागली तर जरूर फोन करा.”

विल्डानं फोन ठेवला. तिचे कान तापले होते. डेन्झिलला तिनं सांगितलं तेव्हा तो चिडला. “असं बोलला? तू त्या खुर्चीत होतीस तेव्हा हा शाळेत मार खात होता!”

“त्याचं चुकलं नाही,” विल्डा म्हणाली. “मी खुर्चीत असताना असे दिवसाला चार फोन यायचे. मीही असंच तोडायचे.” पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि आता पुन्हा कधी तिकडे फोन करायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मे महिन्यात दुसरं संकट. स्कॅनरला संगणकावरून अपडेट द्यावं लागायचं. डेन्झिलनं ते दिलं, आणि मेनूत मधेच एक नवी ओळ घुसली. तिच्या खालचं सगळं एकेक घर सरकलं. विल्डा मोजून मापून आवाजाच्या मेनूत गेली आणि भलतीकडेच पोचली. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तेच. मग फडकं भिंतीवर भिरकावलं.

“जुनं परत टाकू का?” डेन्झिलनं भीत भीत विचारलं.

“नको. पुढच्या वेळी पुन्हा सरकेल, तेव्हा काय करशील? कात्री दे.”

तिनं सहावी रांग अर्धी उसवली, एक बटण घुसवलं आणि पुढची सगळी नव्यानं शिवली. बोटांना सुया टोचल्या. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती न चुकता सगळीकडे जाऊन आली.

त्याच आठवड्यात बंबाच्या ठाण्यावर कोंबडीचं जेवण होतं. दरवर्षी वर्गणीसाठी असायचं. विल्डा नॅडीनबरोबर गेली. ठाण्याचा कॅप्टन ज्युनिअर साइझमोर तिच्यासमोर ताट घेऊन बसला. चाळिशीचा, भल्यामोठ्या आवाजाचा माणूस. नवीन रेडिओ कसे आहेत, असं तिनं विचारलं.

“वर डोंगरावर झकास,” तो म्हणाला. “खाली घळींत उतरलं की टॉवर लागत नाही. मग आम्ही जुन्या साध्या चॅनेलवर जातो. रेडिओ ते रेडिओ, मधे टॉवर नाही. मैलभर चालतं, नशीब असलं तर दोन.”

“कंट्रोलला ऐकू येतं ते?”

“कसं येणार? ते डोंगरापल्याड.”

घरी येताच विल्डानं डेन्झिलला बोलावलं. “तो साधा चॅनेल यात घाल.”

“कशाला? तो काही पिनकोडात येत नाही, हातानं भरावा लागेल. आणि तिथं वर्षभर शांतताच असणार.”

“घाल म्हटलं ना. नाहीतर सरक, मी घालते.”

शेवटी तिनंच घातला. कळीचा एकेक आकडा मोजत, अर्धा तास. डेन्झिल नुसता बघत राहिला. फडक्यावर त्या चॅनेलसाठी तिनं शिंपल्याचं एक बटण शिवलं.

जूनमध्ये एका शनिवारी सकाळपासून ढगफुटीसारखा पाऊस कोसळत होता. अकरा वाजता कंट्रोलनं ज्युनिअरच्या बंबाला मिल फोर्कच्या घळीत धाडलं. तिथं एमरी डिलन आणि त्याची बायको, दोघंही ऐंशीच्या पुढचे, घरात पाणी शिरल्यामुळे अडकले होते. ज्युनिअर दोन माणसं, त्यांतला एक लाइल, आणि एक रबरी होडी घेऊन निघाला. घराजवळच्या चढावर टॉवर लागत होता; तिथून तो ‘पोचलो’ म्हणाला. मग ‘दोघांना घेतलं, निघतोय’ म्हणाला. त्यानंतर काही नाही.

“बंब चार, कंट्रोल,” कंट्रोलमधली मुलगी हाक मारत होती. केलिन तिचं नाव, नवीनच होती. “बंब चार, कंट्रोल. बंब चार?”

विल्डा स्टुलावरून उठली. तिचं घर डोंगराच्या कण्यावर होतं आणि मिल फोर्कची घळ मागच्या अंगणाच्या खालीच दोन मैलांवर उघडत होती. ती भिंतीला हात लावत मागच्या व्हरांड्यात आली, फडकं कठड्यावर पसरलं, शिंपल्याच्या बटणापर्यंत बोट नेलं, तेवढे खटके मोजले आणि धरून ठेवायचं बटण दाबलं.

आधी फक्त पाऊस. मग खरखरीतून, अगदी बारीक, ज्युनिअरचा आवाज आला.

“…कुणीही ऐकत असेल तर. बंब चार. पूल गेला. होडी उलटली. आम्ही पाच जण चर्चच्या सहलीच्या मांडवावर आहोत, पत्र्यावर. लाइलचा पाय मोडलाय. पाणी पत्र्याला हातभर कमी आहे, चढतंय. कुणीही ऐकत असेल तर…”

विल्डाच्या तोंडून ‘ऐकतेय!’ निघून गेलं. पण त्या यंत्रात बोलायची सोयच नव्हती. तिनं फोन हातात घेतला आणि क्षणभर थांबली. ‘घरी आग लागली तर.’ मग तिनं आकडे दाबले.

“आपत्कालीन सेवा, काय झालंय?” केलिन म्हणाली.

“पोरी, नीट ऐक आणि लिहून घे. बंब चार, पाच माणसं, मिल फोर्क, चर्चच्या सहलीच्या मांडवाचं छत. पूल वाहून गेलाय, होडी नाही. एकाचा पाय मोडलाय. पाणी छताच्या हातभर खाली, वाढतंय. ते साध्या चॅनेलवर बोलताहेत, तुला ऐकू येणार नाही. मला येतंय.”

“बाई, तुम्ही… तुम्हाला कसं कळलं?”

“स्कॅनरवर. माझं नाव विल्डा क्राउस. गारलँडला दे.”

फोनवर खुडबूड झाली. मग गारलँडचा आवाज. त्यानं एकच विचारलं, “आत्ता ऐकताय?”

“आत्ता. माझ्या कानाशी आहे.”

“विल्डा, फोन ठेवू नका.”

ती पुढची पन्नास मिनिटं त्या कठड्याशी उभी होती. एका कानाला फोन खांद्यानं दाबलेला, दुसऱ्याला स्कॅनर. ज्युनिअर दर दोन-तीन मिनिटांनी बोलायचा. कुणीतरी ऐकतंय, हे त्याला माहीत नव्हतं, तरी तो बोलत होता, नेमकं आणि मोजकं, जसं विल्डानं वर्षानुवर्षं त्यांच्याकडून बोलवून घेतलं होतं. ती शब्दन् शब्द पुढे देत होती. शेजारच्या काउंटीतून मोटारीची होडी निघाली होती. ती मुख्य रस्त्यानं खालून येणार होती.

“खालून नको!” विल्डा ओरडली. “गारलँड, तो म्हणतोय खाली पुलाचे लाकडी ओंडके अडकलेत, सगळं पाणी तिथं उसळतंय. जुन्या रेल्वेच्या बांधावर अजून पाणी नाही. तिथून वरच्या अंगाला होडी उतरवा.”

“बांध? तिथं गाडी जाते?”

“कोळशाचे ट्रक जायचे. जाते.”

तेवढ्यात स्कॅनर दोनदा टुकटुकला. बॅटरी संपत होती. तिनं ॲप्रनच्या खिशात हात घातला. “गारलँड, अर्धं मिनिट मला ऐकू येणार नाही. बॅटरी बदलतेय.” झाकण सरकवलं, जुनी काढून कमरेला खोचली, नवीची खाच अंगठ्यानं शोधली आणि बसवली. यंत्र जागं व्हायला वेळ घेत होतं. ती पावसाचा आवाज ऐकत उभी राहिली. मग पुन्हा सगळे खटके, पुन्हा शिंपल्याचं बटण.

ज्युनिअर ओरडत होता, पण आवाज वेगळाच होता. “होडी दिसली! वरून येतेय! अरे, वरून येतेय!”

विल्डानं ते सांगितलं. फोनमध्ये केलिन रडत होती, आणि गारलँड तिला म्हणत होता, “नंतर, नंतर रड, आधी रुग्णवाहिका दे.”

पाचही जण बाहेर आले. एमरी डिलन थंडीनं काळानिळा पडला होता. त्याला तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. लाइलचा पाय जुळला, पण वाकडा जुळला, आणि तो पुन्हा बंबावर चढू शकला नाही. मांडवाचं छत चार वाजता गेलं.

डेन्झिल दीड वाजता छत्री घेऊन आला, तेव्हा विल्डा व्हरांड्यातच खाली बसली होती. चिंब भिजलेली. स्कॅनर मात्र तिनं ॲप्रनच्या आत, पोटाशी धरला होता.

“अगं, आत तरी जायचंस!”

“आत ऐकू येत नव्हतं,” ती म्हणाली. “हात दे. आणि याला आधी कोरडं फडकं दे, मला नंतर.”

पुढच्या आठवड्यात गारलँड टाइस तिच्या घरी आला. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसला आणि दोन कप कॉफी संपेपर्यंत हवापाण्याच्या गोष्टी केल्या. शेवटी म्हणाला, “एप्रिलमध्ये मी बोललो ते…”

“ते बरोबर होतं,” विल्डानं मधेच तोडलं. “पण त्या घळींत तुमचा टॉवर लागत नाही, हे बरोबर नाही. त्याचं काय करताय?”

गारलँडनं टोपी टेबलावर ठेवली आणि खिशातून वही काढली. डोंगराच्या कण्यावर, तिच्या अंगणामागे, साधा चॅनेल पकडून कंट्रोलला पोचवणारा एक छोटा टॉवर हवा, असं त्यानं काउंटीच्या सभेत मांडलं. ते मंजूर होऊन टॉवर यायला चौदा महिने लागले. सभा तीनदा पुढे गेली. तिन्ही वेळा विल्डा नॅडीनला घेऊन हजर होती, आणि तिसऱ्या वेळी तिनं सांगितलं की टॉवरचा निकाल लागल्याशिवाय ती घरी जाणार नाही, हवं तर दिवे घालवा, तिला फरक पडत नाही. टॉवर उभा राहीपर्यंत, पाऊस लागला की गारलँड स्वतः फोन करायचा: “विल्डा, आज ऐकाल का?” आणि ती ऐकायची.

त्या वर्षात आणखी एक गोष्ट झाली. ज्युनिअरच्या बायकोनं हे सगळं कुणाकुणाला सांगितलं आणि दृष्टी गेलेली माणसं विल्डाला शोधत यायला लागली. पहिला आला तो लॉयल स्कॅग्ज, खाणीतल्या स्फोटात डोळे गेलेला. त्याचा मुलगा बंबावर होता. विल्डानं त्याला फडक्याची एक नक्कल शिवून दिली, आणि त्याची जाड बोटं एकेका बटणावरून फिरवत म्हणाली, “मोज. मोठ्यानं मोज. चुकलास तर पहिल्यापासून. घाई कुणालाच नाहीये.” तो आठव्या दिवशी शिकला. नंतरची बाई चार दिवसांत शिकली, हे विल्डानं लॉयलला मुद्दाम सांगितलं.

टॉवर दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आला. तो उभारणारे कामगार वर गेले तेव्हा विल्डाही काठी घेऊन मागच्या उतारावरून चढली, डेन्झिलचा हात झिडकारत. तिनं खांबाला हात लावला, तो कुठवर पोचतो ते विचारलं, मग पायाशी वाकून वायर कुठून जाते ते चाचपलं आणि म्हणाली की ही उघडी राहिली तर हिवाळ्यात उंदीर खातील, हिला नळीत घाला. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. मुकादमानं ती नळीत घातली.

दुपारी तीन वाजता ज्युनिअर मिल फोर्कच्या तळाशी, चर्चच्या मांडवाच्या उरलेल्या खांबांपाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, “कंट्रोल, बंब चार, चाचणी.”

“बंब चार, कंट्रोल,” केलिन म्हणाली. “स्वच्छ ऐकू येतंय.”

विल्डा उतारावर उभी राहून स्कॅनरवर ऐकत होती. डेन्झिलनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “झालं! आता तुझी नोकरी गेली.”

“गेली,” विल्डा म्हणाली. ती आणखी थोडा वेळ तिथंच थांबली, खाली घळीतून दोघातिघांचं एकमेकांना हाका मारणं ऐकत. मग म्हणाली, “चल. पाच वाजता लॉयल येणारे, नवीन माणसाला घेऊन. पाय उचलून चाल रे, तुझ्यामुळे मी घसरेन.”